ड्रूल्समध्ये एकच नियम वेगळा काढून कसा तपासायचा? (उदाहरण : महाराष्ट्राचा व्यवसाय कर)

कातरवेळ :

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. कपातीचे सगळे नियम आम्ही जावाच्या कोडमधून काढून ड्रूल्समध्ये (जेव्हा-तेव्हा रूपात लिहिलेले नियम चालवणारं इंजिन) ठेवले आहेत. भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, व्यवसाय कर (पीटी), कामगार कल्याण निधी असे मिळून १४० च्या आसपास नियम झालेत. नियमांची नावं मुद्दाम मराठीत ठेवली, कारण पगार विभागातल्या लोकांनी ती वाचावीत अशी इच्छा होती. नियमाचं नाव अवतरणचिन्हांत लिहायचं असतं, त्यामुळे देवनागरी बिनतक्रार चालते.

अडचण अशी की आमच्या सगळ्या टेस्ट एकाच पद्धतीच्या आहेत. एका कर्मचाऱ्याची पूर्ण माहिती भरायची, सगळे नियम चालवायचे आणि शेवटी हातात येणारा पगार जुळतो का बघायचं. जुळला नाही तर १४० पैकी कोणामुळे, हे शोधण्यात दिवस जातो. गेल्या आठवड्यात मी फक्त महिलांच्या व्यवसाय कराचा नियम वेगळा केला आणि ११ टेस्ट लाल, म्हणजे नापास झाल्या. त्यातल्या किती माझ्यामुळे आणि किती आधीपासून डळमळीत होत्या, ते मला सांगता येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. पुरुषांना महिन्याचं वेतन ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही, त्यापुढे १०,००० पर्यंत महिना १७५, आणि १०,००० च्या वर महिना २००, पण फेब्रुवारीत ३००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काही नाही (पूर्वी ही मर्यादा १०,००० होती), त्यापुढे तेच २०० आणि फेब्रुवारीत ३००.

मला फक्त 'पीटी - महिला - २५ हजारांपर्यंत माफ' हा एक नियम चालवून बघायचा आहे. बाकीचे १३९ गप्प राहिले पाहिजेत. कसं करायचं?

जुना_जावाकर :

सोपं आहे. फायरऑलरूल्स ही जी मेथड तुम्ही बोलावता, तिला अजेंडा फिल्टर (कोणता नियम चालू द्यायचा ते ठरवणारी चाळणी) देता येतो. तयार फिल्टर चार आहेत : नाव तंतोतंत जुळणारा, नावाची सुरुवात जुळणारा, शेवट जुळणारा आणि रेग्युलर एक्स्प्रेशनवाला. तुम्हाला पहिला हवा. नियमाचं पूर्ण नाव द्या, तेवढाच फायर होईल, म्हणजे चालेल. मेथड किती नियम फायर झाले तो आकडा परत देते. तो १ आला पाहिजे, ही पहिली तपासणी. मग कपातीचं फॅक्ट (इंजिनला दिलेली किंवा नियमाने नोंदवलेली माहिती) बघा, ही दुसरी.

दोन गोष्टी पाळा. नॉलेज बेस (सगळ्या नियमांचा तयार संच) बांधायला वेळ लागतो, तो सगळ्या टेस्टच्या आधी एकदाच बांधा. सेशन (ज्यात फॅक्ट घालून नियम चालवायचे ते सत्र) मात्र प्रत्येक टेस्टला नवं घ्या आणि संपल्यावर डिस्पोज करा. एका टेस्टचा कर्मचारी दुसऱ्या टेस्टच्या सेशनमध्ये उरला, तर नियम नेमका कोणासाठी फायर झाला ते कळत नाही.

कातरवेळ :

धन्यवाद. करून बघितलं. आकडा ० येतोय. कर्मचारी महिला, मूळ पगार १८,०००, महिना जुलै २०२४. सगळे नियम एकत्र चालवले की हाच नियम फायर होतो, हे लॉगमध्ये दिसतं. फिल्टर लावला की शून्य.

रेवाकाठ :

कातरवेळ, नियमाची अट मराठीत उलगडून लिहाल का? 'जेव्हा'च्या भागात नेमकं काय काय आहे?

कातरवेळ :

जेव्हा : कर्मचारी आहे, लिंग स्त्री, त्याच कर्मचाऱ्याचं 'एकूण वेतन' आहे, रक्कम २५,००० किंवा कमी, वेतनमहिना एप्रिल २०२३ किंवा नंतरचा.
तेव्हा : 'पीटी कपात' शून्य म्हणून नोंदवा.

रेवाकाठ :

मग उत्तर तुमच्याच ओळीत आहे. तुम्ही टेस्टमध्ये मूळ पगार टाकलात. 'एकूण वेतन' हे फॅक्ट तुम्ही टाकलेलं नाही; ते भत्ते मिळवणारा दुसरा कुठला तरी नियम तयार करत असणार. फिल्टरने त्या नियमाचंही तोंड बंद केलं. एकूण वेतन जन्मालाच आलं नाही, म्हणून तुमच्या नियमाची अट पुरी झाली नाही.

टेस्टमध्ये एकूण वेतनाचं फॅक्ट हाताने घाला. मूळ पगार, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यातलं काहीही देऊ नका. या नियमाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

आमच्या टीमला हीच गोष्ट उमगायला बराच वेळ लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकटा नियम तपासायला घेतला की तो कोणत्या फॅक्टवर उभा आहे हे कागदावर लिहावंच लागतं. एकत्र चालवताना ते झाकलेलं राहतं. आमच्याकडे एक नियम सात फॅक्ट मागत होता. टेस्टसाठी ती सात हाताने भरताना सगळ्यांना दिसलं की त्यातली तीन कुठेच वापरली जात नाहीत. कधीतरी कोणीतरी नियम चिकटवताना सोबत आली होती. टेस्ट लिहायला अवघड जातेय, तेव्हा बहुतेक वेळा नियमच गरजेपेक्षा जड झालेला असतो.

आणखी एक. भत्त्यांचा नियम एकूण वेतनाचं फॅक्ट साध्या इन्सर्टने घालतो की इन्सर्टलॉजिकलने, ते बघून ठेवा. दुसऱ्या प्रकारात ज्या अटीमुळे फॅक्ट आलं ती अट मोडली की फॅक्ट आपोआप मागे घेतलं जातं. टेस्टमध्ये हाताने घातलेलं फॅक्ट तसं जाणार नाही. पगार मध्येच दुरुस्त होण्याची टेस्ट लिहाल तेव्हा हा फरक लागेल.

कातरवेळ :

रेवा, अगदी तेच होतं! एकूण वेतन हाताने घातलं आणि १ आला. कपात शून्य. खूप आभार.

एक शंका. त्याच टेस्टमध्ये मी आधी फिल्टर लावून हा नियम चालवला, मग 'आता बाकीचे चालू दे' म्हणून फिल्टरशिवाय पुन्हा फायरऑलरूल्स बोलावलं. बाकीचे नियम फायरच झाले नाहीत. फॅक्ट तर सगळी सेशनमध्ये आहेत.

जुना_जावाकर :

फिल्टर फक्त फायर करायच्या क्षणी विचारला जातो. अटी जुळवण्याचं काम त्याच्याआधी झालेलं असतं. नियम आणि फॅक्ट यांची जुळलेली प्रत्येक जोडी अजेंड्यावर, म्हणजे फायर होण्याच्या रांगेत येते, तिची पाळी आली की फिल्टरला विचारलं जातं, आणि फिल्टरने नाही म्हटलं तर ती जोडी टाकून दिली जाते. पुन्हा रांगेत लावली जात नाही. संबंधित फॅक्ट बदललं तरच ती नव्याने तयार होते. म्हणून एका सेशनमध्ये एकदाच फिल्टर लावायचा आणि ते सेशन तिथेच संपवायचं.

हे असं का, ते समजायला मुळाशी जावं लागतं. चार्ल्स फोर्जी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७९ च्या पीएचडी प्रबंधात रेटे अल्गोरिदम मांडला. रेटे म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. शंभर नियमांत 'कर्मचारी महिला आहे' ही अट शंभरदा आली तरी जाळ्यात ती एकदाच तपासली जाते आणि निकाल सगळ्यांना वाटला जातो. ड्रूल्स त्याच घराण्यातलं. सहाव्या आवृत्तीपासून त्यांनी फ्रीक नावाचा आपला अल्गोरिदम आणला, जो गरज पडेपर्यंत जुळवणी पुढे ढकलतो. पण जाळं सामायिकच आहे. 'एक नियम वेगळा काढणं' म्हणजे जाळ्यातून तो कापून घेणं नव्हे, फक्त त्याचंच फळ खाली पडू देणं. १४० नियमांच्या फाईलमध्ये दुसऱ्याच नियमात वाक्यरचनेची चूक असेल, तर तुमची एकट्या नियमाची टेस्टही उभी राहणार नाही.

कातरवेळ :

समजलं. आता माझी टेस्ट फाईल वाढतेय. पीटीच्या नियमांपैकी नऊ झाले. पण दिव्यांग सवलतीवर अडकले आहे.

'दिव्यांग कर्मचाऱ्यांना सूट' असा नियम आहे. दोन टेस्ट लिहिल्या. दिव्यांग नसलेल्या माणसासाठी नियम फायर होऊ नये : हिरवी. दिव्यांग माणसासाठी फायर व्हावा : लाल, आकडा ०. फॅक्ट तीनदा तपासली. एकूण वेतन आहे, प्रमाणपत्राचं फॅक्ट आहे. फिल्टर काढून सगळे नियम चालवले तर नियम व्यवस्थित फायर होतो. नावही कॉपी न करता नीट बघून टाईप केलंय, अक्षर न् अक्षर तेच दिसतंय.

रेवाकाठ :

'नीट बघून टाईप केलंय' इथेच संशय येतोय. नावात 'ऱ्या' आहे.

कर्मचाऱ्यांना मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ थेट टाईप होतो, उच्चारावरून टाईप करणारे काही कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहितात. नियम एकाने लिहिला, टेस्ट दुसऱ्याने लिहिली आणि कीबोर्ड वेगळे असले की हे होतं.

दोन्ही नावांची लांबी मोजून बघा.

कातरवेळ :

नियमाच्या फाईलमधलं नाव एका संकेतांकाने मोठं आहे. नियम माझ्या सहकाऱ्याने लिहिला होता, तो मोबाईलसारखा उच्चारी कीबोर्ड वापरतो. मी इन्स्क्रिप्टवर लिहिते.

मला जास्त धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. 'फायर होऊ नये'वाली टेस्ट या सगळ्या काळात हिरवी होती, आणि ती काहीच तपासत नव्हती! त्या नावाचा नियमच नाही, तर तो फायर कुठून होणार?

जुना_जावाकर :

हो, आणि हे देवनागरीपुरतं नाही. नावात एक जास्तीची स्पेस पडली किंवा उद्या कोणी नियमाचं नाव बदललं, तरी फिल्टर एक शब्द बोलणार नाही. त्याला नियम सापडला नाही असं तो कधीच सांगत नाही. नकारार्थी टेस्ट यामुळे वर्षानुवर्षं हिरव्या राहू शकतात.

उपाय : फिल्टर बनवण्याआधी नॉलेज बेसकडे पॅकेजचं आणि नियमाचं नाव देऊन तो नियम मागा. नल (म्हणजे काहीच नाही) आलं तर टेस्ट तिथेच पाडा. ही एक ओळ सगळ्या टेस्टच्या सामायिक मेथडमध्ये टाका, म्हणजे कोणाला लक्षात ठेवावं लागणार नाही.

एक्सेलचे डिसिजन टेबल (एका ओळीत एक नियम असलेला तक्ता) वापरणाऱ्यांनी तर हे नक्की करा. तिथे नियमाचं नाव आपोआप तयार होतं : टेबलाचं नाव, अधोरेषा आणि ओळीचा क्रमांक. कोणी वर एक ओळ घुसवली की खालच्या सगळ्या नियमांची नावं सरकतात. आपण अमुक नियम तपासतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात त्याचा शेजारी तपासला जातो.

रेवाकाठ :

याला जोडून : प्रत्येक नकारार्थी टेस्टला एक सकारात्मक जुळी बहीण हवीच. दोघींमध्ये फक्त एक गोष्ट वेगळी ठेवा. तोच कर्मचारी, तेच वेतन, तोच महिना, फक्त प्रमाणपत्र आहे आणि नाही. कातरवेळने जोडी लिहिली म्हणून हे सापडलं. एकटी नकारार्थी टेस्ट असती तर सापडलं नसतं.

हिशेबनीस :

मी संगणकवाली नाही. नाशिकच्या एका कारखान्यात २२ वर्षं पगारपत्रक करते आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून खास खातं काढून लिहिते आहे, कारण तुम्ही सगळे नियमाच्या यंत्राबद्दल बोलताय आणि नियमाबद्दल कमी.

कातरवेळ, तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये 'त्यापुढे १०,००० पर्यंत १७५' असं तू बरोबर लिहिलंस. पण बहुतेक तक्त्यांमध्ये आणि मी पाहिलेल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये '७,५०१ ते १०,०००' असं असतं. कायद्याच्या अनुसूचीत शब्द आहेत 'साडेसात हजारांपेक्षा जास्त, पण दहा हजारांपेक्षा जास्त नाही'. आमच्याकडे जादा कामाचे पैसे तासावर निघतात, वेतनात पैसे येतात. ७,५०० रुपये ५० पैसे असलेला माणूस कुठे जातो? '७,५०१ किंवा जास्त' अशी अट असेल तर तो ना माफीत बसतो ना १७५ मध्ये. त्याची कपात कोणी शून्यही नोंदवत नाही, तो नुसता गळतो. तुझ्या नियमात काय लिहिलंय ते बघ.

महिलांचंही तसंच. २५,००० बरोबर असेल तर माफ. २५,००० रुपये आणि एक पैसा असेल तर २००.

आणि पूर्ण वर्षाची बेरीज कधी बघताय की नाही? फेब्रुवारीत ३०० का, याचं कारण तिथे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे व्यवसाय कर एका माणसाला वर्षाला २,५०० च्या वर लावता येत नाही. ही मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० केली. अकरा महिने २०० म्हणजे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, झाले २,५००. १७५ वाल्याचे बारा महिन्यांचे २,१०० होतात. माझ्या टेबलावर कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की मी आधी या दोन बेरजा करते.

कातरवेळ :

ताई, तुमचे मनापासून आभार. आमच्या नियमात '७,५०१ किंवा जास्त' असंच आहे. आत्ता टेस्ट लिहिली, ७,५००.५० ला एकही पीटी नियम फायर होत नाही. हे चालू सॉफ्टवेअरमध्ये आहे. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

वर्षाच्या बेरजेची टेस्ट आमच्याकडे नव्हती. रात्री बसून लिहिते.

कातरवेळ :

लिहिली. पुरुष, वेतन ४०,०००, एप्रिल ते मार्च बारा वेळा सगळे पीटी नियम एकत्र. बेरीज २,७०० आली.

फेब्रुवारीत ५०० कापले जाताहेत. 'पीटी - मासिक २००' आणि 'पीटी - फेब्रुवारी ३००' दोन्ही फायर होतात. दोन्ही नियमांच्या एकेकट्या टेस्ट हिरव्या आहेत! सुदैवाने हा दोन नियमांचा प्रकार माझ्या नव्या फांदीतच (कोडच्या वेगळ्या प्रतीत) आहे, जुन्यात एकच नियम होता आणि आत जर-तर होतं. मी 'एक नियम, एक काम' म्हणून तो फोडला, आणि फोडताना मासिक नियमाला 'फेब्रुवारी नाही' ही अट घालायची राहिली.

आता वाटतंय की एकेकटा नियम तपासण्याचा माझा सगळा खटाटोप चुकीच्या दिशेने होता का?

जुना_जावाकर :

दिशा चुकलेली नाही. दोन्ही नियमांना एकच ॲक्टिव्हेशन ग्रुप द्या आणि फेब्रुवारीच्या नियमाचा सेलियन्स (प्राधान्य) वाढवा. गटातला एक फायर झाला की बाकीचे रद्द होतात. फेब्रुवारीचा आधी येईल, मासिक आपोआप बाद.

रेवाकाठ :

जावाकर, तुमच्याकडून या धाग्यावर खूप शिकायला मिळालं, पण इथे मी ठामपणे असहमत आहे. दोन कारणं.

पहिलं : ॲक्टिव्हेशन ग्रुप पूर्ण सेशनला लागू होतो, एका कर्मचाऱ्यापुरता नाही. कातरवेळने एका सेशनमध्ये पन्नास कर्मचारी घातले, तर पहिल्या माणसाचा नियम फायर होताच उरलेल्या ४९ जणांच्या जुळण्याही रद्द होतील. टेस्टमध्ये नेहमी एकच कर्मचारी असतो, म्हणून हे टेस्टमध्ये दिसणार नाही. पगाराच्या दिवशी दिसेल.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मासिक नियमाला फेब्रुवारीतला कर्मचारी एकटा दाखवला तर तो '२०० कापा' म्हणतो. हे विधानच खोटं आहे. सेलियन्सने त्याला मागे ढकललं की निकाल बरोबर येतो, पण नियम खोटाच राहतो, आणि तो खरा ठरतो फक्त दुसरा नियम त्याच्या आधी धावतोय तोवर. ताईंसारख्या कोणी फक्त तो नियम वाचला तर त्यांना चुकीची माहिती मिळेल. 'महिना फेब्रुवारी नसेल तर' ही अट त्याच्या अंगातच हवी.

कातरवेळ, तुमची एकेकट्या नियमाची टेस्ट चुकीची नव्हती, अपुरी होती. मासिक २०० च्या नियमाला तुम्ही जुलै दाखवलात. फेब्रुवारी दाखवून 'फायर होऊ नये' असं कधी विचारलं नाहीत. नियम जिथे संपायला हवा त्या कडेवर तो संपतो का, हे त्या नियमाच्याच टेस्टमध्ये यायला हवं. आणि तरीही काहीतरी सुटणार, म्हणून २,५०० ची बेरीज सगळ्यांवर मिळून हवी. ती टेस्ट कुठल्या नियमाचं नाव घेत नाही, हेच तिचं बळ आहे. उद्या नियमांची फोड पुन्हा बदलली तरी ती तशीच उभी राहील.

जुना_जावाकर :

पहिलं कारण बिनतोड आहे. मी ज्या प्रकल्पात तो गट वापरला तिथे दर कर्मचाऱ्याला वेगळं सेशन होतं, म्हणून ही अडचण कधी आली नाही. माझा सल्ला मागे घेतो. कातरवेळ, अटच घाला.

आणि एक लिसनर लावून घ्या. अजेंड्याच्या इव्हेंट लिसनरला प्रत्येक नियम फायर झाल्यावर निरोप येतो. तिथे नावांची यादी गोळा करा. एकत्रित टेस्टमध्ये फक्त रक्कम न तपासता 'पीटीने सुरू होणारा नेमका एकच नियम फायर झाला' हेही तपासा. दोन झाले की फेब्रुवारीसारखी गडबड, शून्य झाले की ताईंचा ७,५००.५० वाला माणूस. एकाच तपासणीत दोन्ही पकडले जातात.

पश्चिमवारा :

डब्लिनहून लिहितोय, विम्याच्या नियमांवर काम करतो. उशिरा आलो. व्यवसाय कर म्हणजे मुळात एक तक्ता आहे, त्यासाठी डीएमएनचं (निर्णय मांडण्याच्या एका प्रमाण पद्धतीचं) डिसिजन टेबल जास्त शोभेल. ड्रूल्स ते चालवतं. तक्त्याला युनिक धोरण दिलं की एका वेळी एकच ओळ लागू व्हायची मुभा असते. दोन जुळल्या तर इंजिन चूक दाखवतं. शिवाय तक्ता न चालवता नुसता तपासून 'इथे पोकळी आहे, इथे दोन ओळी एकमेकींवर चढतात' असं सांगणारी सोय आहे. ७,५०० आणि ७,५०१ मधली पोकळी त्याने लगेच दाखवली असती. फेब्रुवारीचंही.

१४० चे १४० हलवायला सांगत नाही. फक्त पीटी हलवून बघा.

कातरवेळ :

पश्चिमवारा, हे माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात पीटीचा तक्ता तसा करून बघते आणि इथे कळवते.

सध्याची स्थिती : मासिक नियमाला अट घातली, बेरीज २,५०० आली. १७५ वाल्याची २,१००. खालची सीमा '७,५०० पेक्षा जास्त' अशी केली. त्या दिवशीच्या ११ लाल टेस्टपैकी चार माझ्या होत्या. बाकी सात वेगळ्याच कारणाने पडत होत्या : रक्कम बिगडेसिमलमध्ये (जावातला दशांश आकड्यांचा प्रकार) आहे आणि तुलना इक्वल्सने होती, त्यामुळे २०० आणि २००.०० वेगळे ठरत होते. कम्पेअरटू वापरल्यावर सातही हिरव्या.

आणि रेवा, तुम्ही म्हणालात ते 'कडेवर विचारणं' मी आता एका सीएसव्ही फाईलमध्ये ठेवलंय. जेयुनिटची (जावाच्या टेस्ट चालवणारं साधन) पॅरामिटराइज्ड टेस्ट ती ओळीओळीने वाचते. स्तंभ मराठीत : लिंग, वय, दिव्यांग, एकूण वेतन, वेतनमहिना, लागू नियम, अपेक्षित कपात. ३४ ओळी झाल्यात. हिशेबनीस ताई, ही फाईल तुम्हाला दाखवली तर वाचाल का? कोड एक ओळही नाही त्यात.

हिशेबनीस :

पाठव. वाचते.

हिशेबनीस :

वाचली. छान झाली आहे, पहिल्यांदाच मला कोणी नियम अशा रूपात दाखवले की बोट ठेवून बोलता येतं. ६५ वर्षांवरच्यांची सूट घेतलीस ते बघून बरं वाटलं, ती बरेच जण विसरतात.

एक ओळ हवी होती. महिला, वेतन १८,०००, वेतनमहिना मार्च २०२३. कपात २०० आली पाहिजे, कारण सवलत एप्रिलपासून आहे. तुझ्या फाईलमध्ये सगळे महिने २०२४ चे आहेत. आमच्याकडे जुन्या महिन्यांची पगारपत्रकं पुन्हा काढावी लागतात, कधी थकबाकीसाठी, कधी तपासणीसाठी. तेव्हा जुनाच नियम लागला पाहिजे.

कातरवेळ :

ताई, ओळ घातली. लाल.

कारण सापडलं. २५ हजारांच्या नियमात मी वेतनमहिन्याची अट घातली आहे, ती बरोबर चालते. पण महिलांना १०,००० च्या वर २०० कापणारा जुना नियम कोणीतरी डेट-एक्स्पायर्स (नियमाची मुदत संपवणारी खूण) लावून ३१ मार्च २०२३ ला बंद करून ठेवला होता. त्यामुळे मार्च २०२३ च्या महिलेला ना नवा नियम लागतो ना जुना.

जुना_जावाकर :

डेट-इफेक्टिव्ह आणि डेट-एक्स्पायर्स हे दोन्ही नियम चालवण्याच्या क्षणाची वेळ बघतात, म्हणजे सेशनचं घड्याळ. वेतनमहिना त्यांना दिसत नाही. आज मार्च २०२३ चा पगार काढलात तरी घड्याळ आजचंच. पगारासारख्या कामात ते दोन्ही काढून टाका आणि तारीख नेहमी फॅक्ट म्हणून द्या. टेस्टमध्ये सूडो क्लॉक लावून घड्याळ मागे नेता येतं आणि टेस्ट हिरवी करता येते, पण इथे तसं करू नका. खऱ्या वापरात घड्याळ मागे जाणार नाही.

कातरवेळ :

काढलं. जुन्या नियमाला 'वेतनमहिना एप्रिल २०२३ च्या आधीचा' अशी अट दिली. ताईंची ओळ हिरवी, बाकी ३४ ही हिरव्या. १४० पैकी आणखी सहा नियमांवर डेट-एक्स्पायर्स आहे, त्यांची यादी काढली आहे. त्यात कामगार कल्याण निधीचे दोन आहेत, जे जून आणि डिसेंबरमध्येच लागतात.

ताई, त्या निधीच्या ओळी लिहायला घेतल्या की पुन्हा फाईल पाठवू का?

हिशेबनीस :

पाठव गं. रविवारी दुपारी मोकळी असते. आणि जूनमध्ये नोकरी सोडून गेलेल्या माणसाची एक ओळ आधीच घालून ठेव.